वस्तादबाई खुर्ची आणायला जातात

वस्तादबाईंच्या दुकानातली लाकडी खुर्ची एका सकाळी पोस्टमास्तरांसकट खाली बसली. एका गालावर साबण, दुसरा गाल कोरा, आणि पोस्टमास्तर फरशीवर पाय पसरून. लागलं काहीच नाही. पण उठायच्या आधी त्यांनी तिथूनच बजावलं, "बाई, नवी खुर्ची घ्या, नाहीतर मी दाढी वाढवायला मोकळा."

ती खुर्ची बाईंच्या वडिलांची. केस कापण्यात त्यांचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं, म्हणून सगळं गाव त्यांना वस्ताद म्हणायचं. त्यांना ही एकच मुलगी. तिच्या हातात त्यांनी वस्तरा दिला तो फुग्यावर शिकवून. फुगा फुगवायचा, त्याला साबण फासायचा आणि वस्तऱ्याने साबण असा उतरवायचा की फुगा शाबूत राहिला पाहिजे. सुरुवातीला दिवसभर दुकानातून इतके धडाधड आवाज यायचे, की समोरचा शिंपी विचारायचा, "वस्ताद, दुकान काढलंय की फटाक्यांचा कारखाना?"

वडील गेले तेव्हा मुलगी विशीच्याही अलीकडे होती. ती दुकानात उभी राहिली खरी, पण गिऱ्हाईक दारातून आत डोकवायचं, तिला बघायचं आणि "जरा जाऊन येतो" म्हणत जे पसार व्हायचं ते परत फिरकायचंच नाही. शेवटी बँकेच्या साहेबांना फोटो काढून घ्यायची घाई झाली आणि दुसरं दुकान नेमकं बंद होतं. साहेब डोळे गच्च मिटून बसले. उघडले तेव्हा आरशातल्या माणसाला ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला. मग तेच चौकात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला आपली मान दाखवत सुटले. तेव्हापासून वस्तादची मुलगी हळूहळू वस्तादबाई झाली, आणि पन्नाशी उलटली तरी दिवसभर उभीच राहिली.

नवरा घड्याळं दुरुस्त करणारा, त्यामुळे घरात टिकटिक बरीच आणि बोलणं कमी. त्यात नणंद. नणंदबाईंचा उभा जन्म टेलिफोन एक्सचेंजमध्ये लोकांचे फोन जोडण्यात गेला होता. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर भावाकडे राहायला आल्या, त्यालाही बरीच वर्षं झाली होती. नणंद-भावजयीत भांडण नव्हतं, पण गोडीही नव्हती. मीठ संपलंय, दार लावून घे, दूध उतू जातंय, एवढ्यावर संवाद आटपायचा. भावजय दिवसभर परक्या पुरुषांच्या हनुवट्या धरते, हे नणंदबाईंच्या पचनी पडलं नव्हतं. त्या तसं कधी बोलल्या नाहीत. पण त्यांचं न बोलणं शेजारच्या घरात ऐकू जायचं.

तर खुर्ची. बाईंच्या वडिलांचे एक जुने दोस्त शहरात सलून चालवायचे. बाई त्यांना काका म्हणत. काका आता सलून बंद करून लेकीकडे राहायला निघाले होते. "माझी लोखंडी खुर्ची तूच घेऊन जा. परक्याला दिली तर मला झोप लागायची नाही," असं त्यांनी फोनवर सांगितलं. बाईंनी लगेच दिवस ठरवला. सोबतीला नवरा जाणार होता. पण जड वस्तू उचलायची सवय असावी म्हणून आदल्या संध्याकाळी त्याने घरातलं कपाट उचलून बघितलं आणि त्याच्या कमरेत उसण भरली.

"ताई येईल तुझ्याबरोबर," पालथा पडल्या पडल्या तो म्हणाला, आणि बायको काही बोलायच्या आत मोठ्याने कण्हला.

नणंदबाईंनी पर्समध्ये रुमाल कोंबला. "मला ते शहर तोंडपाठ आहे. ट्रेनिंगला होते मी तिथे. तू नुसती माझ्या मागून चल."

गावातला एक टेम्पोवाला रोज शहरात माल पोचवायचा. मोकळ्या रस्त्यावरसुद्धा हॉर्न वाजवत जायचा म्हणून त्याला भोंगा म्हणत. भोंग्याने दोघींना पुढे बसवलं, वाटभर कावळ्यांना आणि विजेच्या खांबांना हॉर्न दिले आणि शहरातल्या मोठ्या चौकात उतरवलं. "माल टाकून येतो. सलूनच्या गल्लीच्या तोंडाशी भेटू," म्हणाला आणि गर्दीत गडप झाला.

चौकात उभं राहिल्यावर वस्तादबाईंना वाटलं, सगळं शहर एकाच वेळी कुठेतरी उशिरा पोचतंय. बस, सायकली, पाठीवर खोकी घेतलेले हमाल, फोनवर भांडत चाललेल्या पोरी. आणि डोकी! नुसती डोकीच डोकी. कोणाची मान कशी कापलीय, कोणाचे कल्ले वरखाली झालेत, हे बघण्यात बाई इतक्या गुंगल्या की एका दिव्याच्या खांबाला त्यांनी "माफ करा" म्हटलं.

"सरळ जायचं," नणंदबाई फर्मानाच्या सुरात म्हणाल्या. "डाव्या हाताला सिनेमा थिएटर लागेल, त्याच्या बाजूने बोळ."

डाव्या हाताला काचेची सात-आठ मजली इमारत लागली.

नणंदबाईंनी दारातल्या वॉचमनला गाठलं. "इथलं थिएटर कुठे ठेवलंत?"

वॉचमन बिचारा पंचविशीचा. "मी आलो तेव्हा नव्हतं हो, मावशी," तो म्हणाला, जणू काही त्याच्यावरच आळ आला होता.

"आणि बोळ?"

"बोळाचं मला काही माहीत नाही."

"बोळ असा कुठे जात नाही. आतून असेल," नणंदबाईंनी निकाल दिला आणि त्या आत शिरल्या. आत सरकता जिना होता. त्यावर पाय ठेवायला नणंदबाई तयार होईनात, आणि मागे माणसं तुंबली. शेवटी वस्तादबाईंनी त्यांचा दंड धरला, "एक, दोन" म्हटलं आणि "तीन"ला दोघी एकदम उडी मारून चढल्या. वर गेल्यावर कळलं की खाली येणारा जिना बंद आहे. मग चपला, सुटकेसा, खेळणी, परत चपला असं करत त्या एका लिफ्टमध्ये घुसल्या. ती त्यांना घेऊन थेट जमिनीखाली गेली आणि गाड्यांच्या अंधाऱ्या तळघरात सोडून गेली. तिथून उतारावरून वर चढून बाहेर पडल्या तर समोर तोच बोळ!

"सांगितलं नव्हतं, आतून आहे म्हणून?" नणंदबाई धापा टाकत म्हणाल्या. वस्तादबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते खोकल्यावारी नेलं.

काका दारातच वाट बघत होते. सलून रिकामं झालं होतं. आरसे उतरवलेले, भिंतीवर त्यांचे पांढरे चौकोन. आणि मधोमध ती. लोखंडी, चकचकीत, लाल गादीची, हातावर चिनी मातीचे पांढरे दांडे, पाय ठेवायला जाळीदार फळी. शेजारच्या सुताराने तिला जाड पाटावर घट्ट बसवून पाटाला चार चाकं ठोकून दिली होती, म्हणजे ती गल्लीच्या तोंडापर्यंत ढकलत नेता येईल.

"बस," काका म्हणाले.

"मी कशाला? गिऱ्हाईक बसतं खुर्चीत."

"अगं, घोडं घेताना दात बघतात ना? बस!"

वस्तादबाई बसल्या. काकांनी खालचा दांडा पायाने दाबायला सुरुवात केली. कुच, कुच, कुच. बाई वर, वर, आणखी वर. मग काकांनी खुर्चीला एक हलकीशी गिरकी दिली. भिंत गेली, दार गेलं, नणंदबाई गेल्या, परत भिंत आली. बाईंनी दांडे गच्च धरले आणि त्यांना खो खो हसू फुटलं. पन्नाशी उलटल्यावरही असं हसू येतं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"पडशील, वहिनी," नणंदबाई म्हणाल्या. पण नजर खुर्चीवरच खिळली होती.

तेवढ्यात भोंग्याचा फोन आला. पाठीमागे हॉर्न चालूच होते. "बाई, घोटाळा झालाय. कसली तरी पळायची शर्यत आहे. मोठा रस्ता बंद केलाय. मी इकडे मैदानाच्या फाटकाशी अडकलोय. तुम्हालाच यावं लागेल."

"खुर्ची घेऊन?"

"आता खुर्चीच आणायला आलोय ना आपण!"

काका गल्लीच्या तोंडापर्यंत आले. खुर्चीच्या पाठीवर दोनदा थोपटून ते माघारी वळले. वस्तादबाईंनी कंबर कसली आणि त्या खुर्ची ढकलायला लागल्या. चाकं छान पळत होती. पण नणंदबाई मागे पडायला लागल्या. त्यांचा गुडघा तळघरातल्या त्या चढापासून कुरकुरत होता. दोन दुकानं गेली की थांबायच्या, रुमालाने कपाळ पुसायच्या आणि खुर्चीकडे तिरक्या नजरेने बघायच्या.

"ताई, बसता का?"

"खुळी की काय? लोक काय म्हणतील?"

"इथे आपल्याला ओळखतंय कोण?"

नणंदबाईंनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग पर्स छातीशी धरून त्या अशा बसल्या, जणू आयुष्यभर त्यांची हीच जागा होती.

पहिला अडथळा आला तिठ्यावर. मोठा रस्ता बंद, म्हणून सगळं शहर या लहान रस्त्यात घुसलेलं. टॅक्सीला सायकल अडलेली, सायकलीला हातगाडी, हातगाडीला बस. प्रत्येकजण हॉर्न वाजवत होता आणि कोणीच हलत नव्हतं. वस्तादबाईंना पुढचं काही दिसेना.

"मला वर घे," नणंदबाई म्हणाल्या.

"काय?"

"वर घे गं! तो दांडा दाब!"

कुच, कुच, कुच. नणंदबाई गर्दीतून हळूहळू उगवल्या. आधी डोकं, मग खांदे, मग पर्स. बसमधल्या लोकांनी खिडक्यांतून माना बाहेर काढल्या. नणंदबाईंनी सगळा गुंता एकदा नजरेखालून घातला आणि जो आवाज एके काळी वादळातसुद्धा तारेच्या दुसऱ्या टोकाला स्पष्ट पोचायचा तो काढला.

"निळी गाडी, मागे घ्या! हातगाडी, तुम्ही डावीकडे! बस, तुम्ही थांबा, तुम्हाला नंतर जोडते!"

का कोण जाणे, पण सगळ्यांनी ऐकलं. निळी गाडी मागे गेली. हातगाडी डावीकडे सरकली. एका टॅक्सीवाल्याने "कोण हो तुम्ही?" असं विचारलं, तर नणंदबाई कडाडल्या, "मध्ये बोलू नका, लाइन चालू आहे!" तिठा बघता बघता मोकळा झाला. बसमधून टाळ्या आल्या. नणंदबाईंनी मान किंचित झुकवून त्या स्वीकारल्या, आणि वस्तादबाई खुर्चीच्या पाठीला धरून इतक्या हसल्या की त्यांना खाली टेकावं लागलं.

पुढे बंद रस्ता. लोखंडी कठड्याशी एक हवालदार उभा होता. चांगलाच जाडजूड.

"रस्ता ओलांडायचाय, साहेब. पलीकडे मैदानाच्या फाटकाशी जायचंय," वस्तादबाई म्हणाल्या.

हवालदाराने खुर्चीकडे बघितलं, खुर्चीतल्या बाईंकडे बघितलं, मग रिकाम्या रस्त्याकडे. "पळणारे अजून यायचेत. चटकन ओलांडा."

त्याने कठडा सरकवला. दोघी रस्त्याच्या मध्यापर्यंत पोचल्या, आणि वळणावरून पळणाऱ्यांचा लोंढा आला. शेकडो माणसं, रंगीत बनियन, घामाने निथळणारी. पलीकडे जाता येईना, अलीकडे येता येईना. वस्तादबाईंना एकच सुचलं. लोंढा जिकडे चाललाय तिकडे तोंड करून त्याही ढकलत निघाल्या.

रस्ता तिथून उताराचा होता हे त्यांना चाकांनी सांगितलं. आधी त्या खुर्ची ढकलत होत्या. मग खुर्चीबरोबर चालायला लागल्या. मग पळायला लागल्या. मग खुर्चीच त्यांना ओढायला लागली.

"वहिनी, हळू!"

"मी काही करत नाहीये, ताई!"

"मग कोण करतंय?"

उत्तर द्यायला वेळ नव्हता. वस्तादबाईंनी दोन्ही पाय उचलून मागच्या पाटावर ठेवले आणि खुर्चीच्या पाठीला मिठी मारली. आता कोणाचेच पाय जमिनीवर नव्हते. वारा कानात घोंघावू लागला. खाली पाट सरळ चाललेला आणि वर खुर्ची आपल्या मनाने गरगर फिरायला लागलेली. नणंदबाईंना कधी पुढचे पळणारे दिसत, कधी मागचे, आणि वस्तादबाई पाठीला लोंबकळत पाटावर गोल गोल नाचत होत्या. दोन्ही बाजूंच्या लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. त्यांनी जो गलका केला! "पळा, मावशी, पळा!" मागून हवालदार शिट्टी फुंकत, एका हाताने टोपी धरून धावत येत होता. "थांबा! अहो, थांबा!" शेजारून पळणारा एक पांढऱ्या केसांचा गडी धापा टाकत म्हणाला, "हे बरं आहे तुमचं!"

आणि नणंदबाई ओरडायच्या थांबल्या होत्या. त्या हसत होत्या. तोंड उघडं टाकून, डोळ्यांतून पाणी येईतो, एक हात हवेत. लोकांना चक्क टाटा करत होत्या.

उतार संपला, रस्ता सपाट झाला आणि शर्यतीच्या शेवटी, मैदानासमोर टाकलेल्या रबरी चटईत चाकं रुतून थांबली. खुर्चीने जागच्या जागी एक शेवटची गिरकी घेतली. समोर बँड वाजत होता. एका मुलीने पुढे होऊन दोघींच्या गळ्यात एकेक पदक घातलं. रेघ ओलांडणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात घाल, एवढंच तिला सांगितलेलं होतं. तेवढ्यात मागून हवालदार येऊन थडकला. तिने त्याच्याही गळ्यात घातलं.

हवालदाराला रागवायचं होतं, पण श्वासच पुरेना. नणंदबाई लगबगीने उतरल्या. "बसा, साहेब, आधी बसा," म्हणत त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं आणि पाण्याची बाटली दिली. बाटली रिकामी झाली. मग त्याने पदक हातात घेऊन उलटंसुलटं करून बघितलं.

"शाळेतसुद्धा मिळालं नव्हतं," तो म्हणाला, आणि राग गेला तो गेलाच.

वस्तादबाई त्याच्या मागे उभ्या होत्या. खुर्चीमागे उभं राहिलं की त्यांना समोरचं जग दिसत नसे, फक्त मान दिसे. "साहेब, हे कोणी कापलंय?"

"का? बायकोने."

"मायेने कापलंय, पण वाकडं कापलंय. फाटक पलीकडेच आहे, तिथे आमचा टेम्पो उभा आहे. चला, सरळ करून देते."

फाटकाशी भोंगा टेम्पोला टेकून उभा होता. खुर्ची बघून त्याने आनंदाने लांबलचक हॉर्न दिला आणि मग ती हलवून बघितली. "बाई, हिला चढवायला तर पैलवान लागतील."

"बघू," म्हणत वस्तादबाईंनी पिशवीतून कात्री, कंगवा आणि कापड काढलं. ही तीन हत्यारं बरोबर घेतल्याशिवाय त्या कुठेच जात नसत. हवालदाराची मान सरळ झाली, कल्ले एका पातळीत आले. तोवर बँड वाजवून मोकळी झालेली मंडळी भोवती जमली होती. ढोलवाला म्हणाला, "आमचंही बघा की!" मग तुतारीवाला, मग तो पांढऱ्या केसांचा गडी, तसाच घामट बनियनमध्ये. फाटकाशी चक्क रांग लागली. नणंदबाई रांग सांभाळत होत्या. "पुढचा! रेंगाळू नका!" वस्तादबाईंची कात्री अशी चालत होती की भोंगा हॉर्न वाजवायचं विसरला.

रांग संपली. वस्तादबाई कापड झटकून घडी करणार, तोच नणंदबाई खुर्चीत येऊन बसल्या. वेणी त्यांनी पुढे ओढून घेतली होती. करड्या केसांची, कमरेपर्यंतची.

"काप."

"ताई?"

"रोज विंचरायला हात दुखतात. मघाशी वारा लागला ना, मानेला, तेव्हा फार बरं वाटलं बघ. कानाच्या खाली ठेव."

वस्तादबाईंची कात्री आयुष्यात पहिल्यांदा अडली. पुरुषांची डोकी त्यांनी किती हाताळली असतील, पण बाईचं डोकं एकही नाही. गावातल्या बायका दुकानाच्या पायरीवरसुद्धा चढत नसत. आणि हे तर नणंदेचं! ज्या घरात मिठाच्या पलीकडे विषय जात नव्हता त्या घरातलं.

"नंतर मला बोल लावाल."

"लावीन की. कापलंस तरी लावीन, नाही कापलंस तरी लावीन. चालव कात्री."

वस्तादबाईंनी कात्री चालवली. काम झालं तेव्हा दाखवायला आरसाही नव्हता. नणंदबाईंनी टेम्पोच्या बाजूच्या आरशात बघितलं, मान इकडे हलवली, तिकडे हलवली, परत इकडे. मग त्या आरशाला म्हणाल्या, "आहेस होय तू अजून?"

बँडवाले, हवालदार आणि भोंगा यांनी मिळून खुर्ची टेम्पोत चढवली. ढोलवाल्याने ती वर जाताना ढोल बडवला. परतीच्या वाटेवर पुढे बसायला दोघींनीही नकार दिला. मागे खुर्ची दोरांनी बांधलेली, तिच्यात आळीपाळीने एक बसायची आणि दुसरी पाटावर. केळी खाल्ली, बँडची धून तोंडाने वाजवली, आणि दोघींनी इतक्या वर्षांचं साठलेलं बोलून घेतलं. एक्सचेंजमध्ये कोणत्या साहेबाचे कोणते फोन नणंदबाईंनी मुद्दाम चुकीचे जोडले होते, ते ऐकून वस्तादबाईंना ठसका लागला.

घरी पोचल्या तेव्हा नवरा कमरेला हात लावून दारात उभा होता. त्याने बहिणीच्या केसांकडे बघितलं, दोघींच्या गळ्यातल्या पदकांकडे बघितलं. विचारायचं बरंच होतं, पण सुरुवात कुठून करावी हे त्याला सुचेना. "खुर्ची मिळाली का?" एवढंच तो म्हणाला, आणि त्यावर दोघी पायरीवर बसून पुन्हा पोट धरून हसल्या.

नणंदबाईंची मान गावात दोन दिवसांत सगळ्यांनी बघितली. आधी मुख्याध्यापिका आल्या, तोंडावर छत्री धरून. मग शिंप्याची सून आली, सासूला न सांगता. पाठोपाठ तिची सासू आली, सुनेला न सांगता. दोघींची गाठ दुकानात पडली तेव्हा जो हशा झाला तो चौकापर्यंत ऐकू गेला. आता बुधवारी दुपारनंतर दुकान फक्त बायकांचं असतं. पुरुष दारावरची पाटी वाचून मुकाट्याने माघारी जातात. नणंदबाई कोपऱ्यात बसून सगळ्यांना सल्ले देतात, आणि कधी कधी ते कोणी मानतंही.

पुढच्या महिन्यात दोघी पुन्हा शहरात गेल्या. आणायचं काहीच नव्हतं. नवऱ्याने विचारलं, "मग कशाला?" तर त्या एकदम म्हणाल्या, "उगाच!" आणि बस सुटेपर्यंत खिडकीपाशी कोणी बसायचं यावरून भांडत राहिल्या.